यंत्राच्या चुकांची नक्कल

गेल्या गणपतीत मी कोडोलीच्या घरूनच ऑफिसचं काम करत होतो. टेबलावर लॅपटॉपशेजारी वहीएवढी एक चंदेरी पेटी होती. संध्याकाळी तिचं एक बटण हळूहळू फिरवत बसलो असताना काका दारात येऊन थांबले.

"आरं, घरात बेडूक का वरडाय लागलाय?"

काका एकेकाळी बँजो पार्टीत की-बोर्ड वाजवायचे. डाव्या हातानं बास, उजव्या हातानं गाण्याची चाल. पुढं मिरवणुकीत डॉल्बी आली, सुपाऱ्या कमी झाल्या आणि की-बोर्ड माळ्यावर गेला. त्यामुळं ही पेटी मुळात कशासाठी जन्माला आली हे त्यांना सांगताना मी जरा अडखळलो. ती बास वाजवणाऱ्या माणसाची जागा घ्यायलाच बनवली होती.

मूळ पेटी म्हणजे रोलँड या जपानी कंपनीची टीबी-३०३. टीबी म्हणजे ट्रान्झिस्टर बास. १९८१ च्या अखेरीस ती बाजारात आली. तादाओ किकुमोतो हे तिचे रचनाकार. एकट्यानं रियाज करणाऱ्या गिटारवाल्याला साथ मिळावी, हा हेतू. पण तिचा आवाज बास गिटारसारखा अजिबात नव्हता, आणि सूर एकदा भरायचे, त्यांचे काळ वेगळे भरायचे, ही पद्धत डोकं फिरवणारी होती. सुमारे दहा हजार पेट्या बनल्या आणि १९८४ मध्ये उत्पादन थांबलं.

ज्या थोड्या लोकांनी ती पेटी गंभीरपणे घेतली, त्यांतले एक मुंबईत होते. चरणजित सिंग हे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गिटार आणि सिंथेसायझर वाजवणारे वादक. त्यांनी टीबी-३०३, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर एकत्र जोडला आणि १९८२ मध्ये 'सिंथेसायझिंग: टेन रागाज टू अ डिस्को बीट' ही ध्वनिमुद्रिका केली. ललत, भूप, तोडी, यमन, मालकंस असे दहा राग, खाली डिस्कोचा ठेका आणि न थकता फिरणारा यंत्राचा बास. ती फारशी कुणी विकत घेतली नाही.

तिकडं शिकागोत नाकारलेल्या ३०३ पेट्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या होत्या. फ्यूचर या गटातल्या तरुणांनी तशी एक घेतली, आणि सूर चालू असतानाच फिल्टरची बटणं फिरवली. त्यातून १९८७ मध्ये 'अ‍ॅसिड ट्रॅक्स' आलं आणि अ‍ॅसिड हाउस नावाचा प्रकार रूढ झाला. त्यांना मुंबईची ध्वनिमुद्रिका माहीत असण्याचं काही कारण नव्हतं. २०१० मध्ये ती एका डच संग्राहकानं पुन्हा प्रसिद्ध केली, तेव्हा जगानं कान टवकारले. सिंग सत्तरीत युरोपातल्या मंचांवर वाजवू लागले. २०१५ मध्ये ते गेले.

जुन्या पेटीची किंमत आभाळाला भिडली, तशा नकला आल्या. १९९७ मध्ये रीबर्थ हे सॉफ्टवेअर. २००५ च्या सुमारास लिमोर फ्राइड या अमेरिकन इंजिनिअर बाईंनी घरी जोडता येईल असा संच काढला. २०१६ मध्ये खुद्द रोलँडची डिजिटल टीबी-०३. २०१९ मध्ये बेहरिंगरची टीडी-३, पुन्हा अ‍ॅनालॉग सर्किटवर आणि मूळ पेटीच्या मानानं अगदी स्वस्त.

मी पगारासाठी दिवसभर सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधून काढून टाकतो. इथं मात्र उलटा उद्योग आहे. मूळ पेटीतली बॅटरी संपत आली की साठवलेल्या सुरावटी आपोआप बिघडायच्या आणि त्यातून कुणाला न सुचलेलं काही निघायचं. ते लोकांना इतकं आवडलं, की आता काही नकलांमध्ये सुरावट मुद्दाम विस्कटायची सोय असते. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरायला मूळ पेटी जवळपास ठरावीकच वेळ घेते, अंतर कितीही असो. तीही मर्यादा जशीच्या तशी उतरवलेली.

त्या संध्याकाळी मी भूपाचे पाच सूर सोळा घरांत भरले आणि सुरू केलं. काका खुर्चीच्या कडेवर बसून ऐकत राहिले.

"मींड घेतंय, पर दरवेळी तेवढीच घेतंय," ते म्हणाले. "गंधारावरनं पंचमावर जाताना घाई कराय नगं."

नकलाकार सर्किट मोजून जे सांगतात, ते त्यांनी दोन मिनिटांत कानानं पकडलं होतं. मग मला वाटलं, नकलेत काय उरतं हे कोण ठरवतं? आजच्या पेट्या शिकागोतली हातचलाखी डोळ्यांपुढं ठेवून बनतात. बटण फिरवल्यावर ती किंचाळली पाहिजे, हीच खरेपणाची कसोटी. मुंबईतल्या त्या वादकानं तिला गुपचूप साथीला बसवलं होतं, तो वापर कुणी मोजत नाही. सर्किट जपलं जातं, पण त्याच्यापाशी बसलेल्या माणसाचा कान जपायची सोय कुठल्याच पेटीत नाही.

"काका, हे बासवाल्याच्या जागी बनवलं होतं," मी अखेर सांगून टाकलं.

ते हसले. "मग बनवताना बासवाल्याला इचारलं हुतं का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माळ्यावर चढलो. की-बोर्ड सापडला, अ‍ॅडॉप्टर मात्र सापडला नाही. तो कोल्हापुरातून आणायचाय.