मेंदूतील लिम्फोमा की दाह?

हातापायांतील शक्ती कमी होणे, बोलताना अडखळणे, वाढता विसराळूपणा, स्वभावात झालेला बदल... अशा तक्रारी काही आठवड्यांत बळावल्या आणि एमआरआयमध्ये मेंदूत डाग आढळला, तर निदान नेहमीच सोपे नसते. तो मल्टिपल स्क्लेरॉसिससारखा दाहजन्य विकार असू शकतो किंवा लिम्फोमा, म्हणजे लसिकापेशींचा कर्करोगही.

दाहजन्य विकारात प्रतिकारशक्ती मज्जातंतूंच्या आवरणावरच हल्ला चढवते. लिम्फोमात बहुधा 'बी' जातीच्या लसिकापेशी अनिर्बंध वाढतात. मल्टिपल स्क्लेरॉसिस सहसा २० ते ४० या वयात सुरू होतो. लिम्फोमा प्रामुख्याने साठीच्या आसपास किंवा प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांत आढळतो.

एमआरआयमध्ये लिम्फोमाची गाठ बहुधा मेंदूतील पोकळ्यांलगत असते व कॉन्ट्रास्ट दिल्यावर एकसारखी उजळते. दाहाच्या मोठ्या डागाची कडा अनेकदा तुटलेल्या कड्यासारखी दिसते. मात्र एचआयव्हीबाधितांत लिम्फोमाही कड्यासारखा दिसू शकतो. तेव्हा टॉक्सोप्लाझ्मा व क्षयाच्या गाठीचाही विचार करावा लागतो.

खरा घोटाळा होतो तो स्टिरॉइडमुळे. या औषधाने दाह ओसरतो, तशा लिम्फोमाच्या पेशीही मरतात. काही दिवसांतच गाठ आकसते, क्वचित दिसेनाशी होते. रुग्णाला बरे वाटते, घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण बहुतेकदा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत आजार उलटतो. मधल्या काळात बायॉप्सी केल्यास तुकड्यात केवळ दाहच दिसण्याचा संभव असतो. म्हणजेच स्टिरॉइडने आलेला गुण हा कर्करोग नसल्याचा पुरावा नव्हे.

म्हणून लिम्फोमाची शंका असेल व प्रकृती स्थिर असेल, तर शक्यतो स्टिरॉइडपूर्वी बायॉप्सी करतात. कवटीला लहान छिद्र पाडून, स्कॅनच्या आधारे सुईने तुकडा काढला जातो. पाठीतील पाण्याची व डोळ्यांची तपासणीही उपयुक्त ठरते. मेंदूची सूज जीवावर बेतली असेल, तर मात्र स्टिरॉइड लांबवता येत नाही.

लिम्फोमावर मोठ्या मात्रेतील मेथोट्रेक्सेट हा उपचाराचा मुख्य आधार आहे. केवळ स्टिरॉइडवर विसंबल्यास मोलाचा वेळ वाया जातो. स्टिरॉइड यापूर्वी घेतले असल्यास त्याची मात्रा व तारखा डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. मात्र ते परस्पर बंद करू नये.