कपाट किती वर्षांचं? तारीख ठरवताना पुरावा कसा वाचायचा

संशोधनाची तयारी करणाऱ्या बऱ्याच जणांना वाटतं, पुरावा म्हणजे दफ्तरातला कागद नाहीतर लॅबमधला आकडा. एमएस्सी करून पीएचडीला आलो तेव्हा माझाही हाच समज होता. तो मोडला धुळ्याच्या आमच्या घरातल्या एका सागवानी कपाटानं.

काकांना ते विकायचं होतं. जुन्या फर्निचरचा एक व्यापारी जळगावहून आला. दारं उघडून-लावून पाहिली आणि म्हणाला, "ब्रिटिशकालीन असेल तर दुप्पट देतो." घरातले म्हणाले, पणजोबांचं आहे, शंभर वर्षं सहज झाली. आजी एकटीच म्हणाली, "मन्हा लगीनमा उनं ते." तिचं लग्न १९६२ चं. तिच्याकडे कोणी लक्ष दिलं नाही. मीही नाही.

मला आधी आठवलं कार्बन डेटिंग. पण नीट विचार करा. कार्बन-१४ लाकडाचं वलय कधी वाढलं ते सांगतो, सुतारानं कपाट कधी जोडलं ते नाही. साग कित्येक दशकं वाढतो आणि सुतार बाहेरचं कोवळं, पांढरं लाकूड बहुधा काढून टाकतो. म्हणून उत्तर खऱ्यापेक्षा जुनंच येणार. अणुचाचण्यांमुळे १९६३ च्या सुमारास हवेतलं कार्बन-१४ जवळपास दुप्पट झालं होतं. ती खूण लाकडात सापडली तर कपाट नंतरचं हे नक्की. पण नाही सापडली म्हणून कपाट जुनं, असं होत नाही. शिवाय चाचणीचा खर्च कपाटाच्या किमतीला भारी पडला असता!

मग मी खण बाहेर काढून उलटे केले. तिथे काय काय मिळालं, बघा.

एका खणाच्या तळाला 'प. खानदेश' छापलेला कागद चिकटवलेला होता. खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग १९०६ मध्ये झाले. महाराष्ट्र राज्य झालं त्या सुमारास त्यांची जळगाव आणि धुळे अशी नावं पडली. म्हणजे कागद जुना. पण जुना कागद नव्या खणालाही लावता येतो.

मागच्या फटीत 'नये पैसे' लिहिलेलं नाणं होतं. हे शब्द नाण्यांवर १९५७ ते १९६४ या काळात असत. पण नाणं तिथे नंतर कधीही पडलेलं असू शकतं.

स्पिरिटचा बोळा फिरवल्यावर पॉलिश चिकट झालं. म्हणजे ते लाखेचं. पण तसं पॉलिश आधीही करत आणि नंतरही. डाव्या दाराच्या बिजागरीला एका खाचेचे स्क्रू, उजवीकडे स्टार स्क्रू. ही नंतरची दुरुस्ती.

शेवटी एक न उघडलेला, मूळचा सांधा तपासला. त्यातून ओघळून वाळलेला गोंद तपकिरी, ठिसूळ सरस नव्हता. तो पांढुरका, रबरासारखा होता. आपल्याकडे सुतारांच्या हाती असा गोंद आणला तो फेव्हिकॉलनं, आणि फेव्हिकॉल बाजारात आला १९५९ मध्ये. कपाट त्याआधीचं असण्याची शक्यता जवळपास संपली. मूळ जोडणीतली सगळ्यात नवी वस्तू कपाटाचं वय ठरवते, सगळ्यात जुनी नाही.

आजीनं हेच सांगितलं होतं. फक्त तिचं बोलणं आम्ही पुरावा धरलं नव्हतं.

इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये याच धुळ्यात वारले. गावोगाव हिंडून त्यांनी घराघरातली जुनी कागदपत्रं मिळवली. मूळ कागद स्वतः पाहिल्याशिवाय इतिहास लिहू नये, हा त्यांचा आग्रह. कागद ज्यात ठेवतात त्या लाकडालाही तोच नियम लावायला हवा.

काकांनी व्यापाऱ्याला खरं सांगितलं. त्यानं नुसत्या सागाचा भाव केला, घनफुटावर. काका दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. कपाट अजून घरीच आहे, आजीची लुगडी त्यातच असतात.

तुमच्या घरी असं काही असेल तर पॉलिश पेपर मारण्याआधी मागच्या बाजूचे, खणांचे, सांध्यांचे फोटो काढा. एकदा घासलं की पुरावा गेला. प्रत्येक खुणेपुढे लिहा: ही मूळची की नंतरची? हिच्यावरून नेमकं काय सिद्ध होतं? आणि घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला आधी विचारा. मी शेवटी विचारलं.