रणांगणावरील हिशेबनीस

जपानच्या स्क्वेअर या कंपनीने १९९७ साली प्लेस्टेशनसाठी ‘फायनल फँटसी टॅक्टिक्स’ नावाचा एक खेळ काढला. चौकटी पाडलेल्या पटावर आळीपाळीने सैनिक हलवायचे, असे त्याचे स्वरूप आहे. त्याच्या कथेवर इंग्लंडातील गुलाबांच्या युद्धांची छाया आहे. या सैनिकांना पेशे असतात. शिलेदार, तिरंदाज, वैद्य, मांत्रिक हे त्यांपैकी अपेक्षित पेशे. पण त्यांतच एक पेशा गणित्याचा आहे. पहिल्या इंग्रजी आवृत्तीत त्याला ‘कॅल्क्युलेटर’ म्हटले होते, २००७ च्या आवृत्तीत तो ‘अरिथमेटिशियन’ झाला. पटावर याच्याइतका मंद कोणी नाही. तलवार उचलण्यात त्याला गती नाही. त्याचे शस्त्र म्हणजे भागाकार. सैनिकाची पायरी, त्याचा अनुभव, तो उभा आहे त्या जमिनीची उंची अशांपैकी एक बाब तो निवडतो, आणि तीन, चार, पाच किंवा मूळसंख्या यांपैकी एक कसोटी लावतो. पटावर जिथे जिथे ती बाब त्या कसोटीला उतरेल, तिथे तिथे त्याचा मंत्र एकाच क्षणी जाऊन पडतो. त्यात शत्रू सापडतो तसा स्वपक्षाचा माणूसही सापडतो.

खेळणाऱ्या तरुणांना हा पेशा विक्षिप्त वाटतो. युद्धात गणिताच्या मास्तराचे काय काम, असा त्यांचा प्रश्न असतो. प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्या बुद्धिबळाच्या पटावरही राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा आणि प्यादी आहेत, कारकून नाही. (जुन्या पटावरचा वजीर मात्र तिरके एकच घर चालत असे. दरबारी माणसाची चाल मंद, हे त्या काळच्या खेळाडूंनाही ठाऊक होते म्हणायचे.) तरीही मराठी वाचकाने या गणित्याकडे पाहून हसण्यापूर्वी सभासदाची बखर उघडावी, असे आम्हास सुचवावेसे वाटते.

कृष्णाजी अनंत सभासदाने जिंजीला राजाराम महाराजांसाठी १६९७ च्या सुमारास ही बखर लिहिली. तीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, दहा जुमल्यांवर एक हजारी आणि पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी. दर पंचवीस घोड्यांमागे पाणी वाहणारा एक पखालजी आणि नाल ठोकणारा एक नालबंद. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. पण जुमलेदाराशेजारीच त्याचा मजमुदार नेमलेला आहे. जुमलेदाराला सालीना पाचशे होन आणि मजमुदाराला शंभर ते सव्वाशे. हजाऱ्याला हजार होन, आणि त्याच्याजवळ मजमुदार, मराठा कारभारी व कायस्थ प्रभू जमेनीस अशी तीन माणसे. पायदळातही जुमलेदाराजवळ सबनीस आहे. म्हणजे सेनेच्या जवळजवळ प्रत्येक मोठ्या गाठीवर एक लढणारा आणि एक मोजणारा अशी जोडी बसवलेली आहे. हा हिशेबनीस गडावरच्या कचेरीत बसलेला नसून पथकाबरोबर चालतो, पावसात भिजतो आणि पथक फुटले तर त्याच्याबरोबर मरतो.

आता थोडे अंकगणित. पंचवीस पंचे सव्वाशे, आणि सव्वाशे दाही साडेबाराशे. म्हणजे हजारी म्हणवणाऱ्याच्या हाताखाली हजार नव्हे, साडेबाराशे स्वार येतात. ही तफावत बखरकाराला खटकलेली दिसत नाही. हुद्द्याचे नाव दरबारासाठी असते. घोड्यांना हरभरा किती लागेल, हे मात्र साडेबाराशेवरूनच काढावे लागते, आणि ते काढणे मजमुदाराकडे होते. हजाऱ्याजवळच्या तिघांपैकी दोघांची जात सभासदाने आवर्जून नोंदवली आहे. आमच्या मते यातही हिशेबच आहे. एका घरातल्या माणसांनी एकमेकांच्या चुका झाकू नयेत, म्हणून वेगवेगळ्या घरांतली माणसे एका वहीभोवती बसवली असावीत.

या वहीचा खरा उपयोग स्वारीच्या दोन टोकांना होई. लष्कराने आठ महिने बाहेर राहावे आणि पावसाळ्यात छावणीस यावे, असा क्रम होता. निघताना प्रत्येकाजवळ काय आहे याचा झाडा घेतला जाई. परतल्यावर पुन्हा झाडा. जे जास्त सापडेल ते सरकारात जमा करायचे किंवा मुशाहिऱ्यात वळते करायचे. आपल्या नाटक-चित्रपटांतला मावळा शत्रूचा खजिना घेऊन घोडा फेकत गडाकडे येतो आणि तिथे पडदा पडतो. प्रत्यक्षात त्यानंतर तो एका कारकुनासमोर उभा राहून कंबरेचा कसा सोडीत होता. लूट हा ज्या काळी बहुतेक सैन्यांचा पगारच होता, त्या काळी लुटीचा हिशेब मागणारे सैन्य उभे करणे ही असामान्य गोष्ट आहे. नुसत्या शौर्यावर ते उभे राहिले नसते.

चिपळूणजवळ पागेची छावणी असताना, १६७३ च्या सुमारास, महाराजांनी धाडलेले एक पत्र प्रसिद्ध आहे. ते जुमलेदार आणि हवालदार यांच्याबरोबर कारकुनांनाही उद्देशून आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा-वैरण आताच उधळली, तर पुढे काही मिळणार नाही आणि घोडी मरतील. मग लोक कुणब्यांच्या घरातले धान्य, लाकूड, भाजी ओढू लागतील आणि रयतेला मोगल बरे वाटतील, असा इशारा त्यात आहे. रात्री दिवा जळत ठेवला तर उंदीर वात पळवील आणि गवताची गंजी पेटेल, इथपर्यंत तपशील आहे. राज्याच्या बऱ्या-वाईटाची साखळी गंजीतल्या गवतापासून सुरू होते, हे जाणणाऱ्याचे ते पत्र आहे. ते वाचून त्याप्रमाणे गवत मोजायचे कोणी? त्याच कारकुनांनी.

इचलकरंजीत बसून हे लिहिताना नारो महादेवाची आठवण होणे अपरिहार्य आहे. या संस्थानाचा हा मूळ पुरुष तळकोकणातील म्हापण गावचा, जोश्यांच्या घरातला. घराण्याकडे म्हापण व आसपासच्या काही गावांचे कुलकर्ण होते, म्हणजे गावचा वसूल मांडणे हा पिढीजात धंदा. तो घाट चढून सेनापती संताजी घोरपडे यांच्या आश्रयास आला, त्यांच्या कृपेने वाढला, आणि धन्याविषयीच्या कृतज्ञतेपोटी त्याने घोरपडे हेच आडनाव लावले. पुढे त्याचा पुत्र व्यंकटराव याला पेशवा बाळाजी विश्वनाथाची कन्या अनुबाई दिली गेली. या व्यंकटरावाने १७३९ साली पोर्तुगीजांच्या साष्टी प्रांतात फौज घातली. कुलकर्ण्याच्या वहीपासून गोव्याच्या स्वारीपर्यंत दोन पिढ्या लागल्या. गावात या घराण्याविषयी बोलताना संताजींचे आणि पेशव्यांच्या सोयरिकीचे नाव अभिमानाने निघते. म्हापणची वही मात्र विसरली जाते. वसुली ज्याला मांडता येत नाही त्याला जहागीर फार काळ सांभाळता येत नाही. व्यंकटरावामागे अनुबाईने जी जहागीर चालवली, ती नुसत्या माहेरच्या वजनावर चालली असे आम्हास वाटत नाही.

त्या जपानी गणित्याचा भागाकार स्वपक्षालाही लागतो, असे वर म्हटले. आपल्याकडे याचे सर्वांत दारुण उदाहरण पानिपताचे आहे. फौजेबरोबर बाजारबुणगे आणि यात्रेकरू मोठ्या संख्येने होते. लढणारे किती हे सेनापती पाहतो. खाणारे किती हे हिशेबनीस पाहतो, आणि त्याच्या रकान्यात या दोहोंत फरक नसतो. पैसा आणि रसद यांसाठी भाऊसाहेबांची पत्रांवर पत्रे ज्याला गेली, तो गोविंदपंत बुंदेले मुळात वसुलीचा माणूस, कमाविसदार. अब्दालीची रसद तोडण्याचे कामही अखेर त्याच्याच अंगावर पडले. उतारवयात तो घोड्यावर बसून अंतर्वेदीत फिरला आणि डिसेंबर १७६० मध्ये मारला गेला. यानंतर महिनाभराने, १४ जानेवारी १७६१ रोजी, उपाशी फौजेला कोंडी फोडण्यासाठी बाहेर पडावे लागले. राजवाड्यांनी १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’च्या पहिल्या खंडात ही पत्रे छापली आणि गोविंदपंतावर मोठा ठपका ठेवला. तो निवाडा आम्हास कठोर वाटतो. रिकाम्या तिजोरीतून बेरीज निघत नाही, हे ज्याला रोज दिसत होते त्याच्याच माथी ती तूट मारली गेली. त्याच रणातून अठरा-एकोणीस वर्षांचा एक फडणीस जीव वाचवून परतला. त्याची आई त्या पळापळीत हरवली. पुढे याच नाना फडणीसाने आपल्या आत्मवृत्तात ते लिहिले, आणि दौलतीचा जमाखर्च तीन दशकांहून अधिक काळ सांभाळला.

एवढी माणसे असूनही हा पेशा आपल्या कल्पनेत शिरला नाही, त्याचे कारण उघड आहे. पोवाडा डफावर गायचा असतो. जमाखर्च डफावर गाता येत नाही. शाहिराला दोष देण्यात अर्थ नाही. त्यातच पेशवाईच्या उत्तरकाळात आणि इंग्रजी अमलात ‘कारकुनी’ या शब्दाला जी हीन छटा आली, तिने उरलेसुरले पुसले. आज वर्गात ‘मजमुदार’ म्हटले की मुलांना आडनाव आठवते. चिटणीस, सबनीस, पोतनीस, फडणीस यांचीही तीच गत. हुद्दे आडनावांत जाऊन झोपले आहेत.

त्या हिशेबनिसांचे कागद मात्र उरले. मिरजेच्या शाळेत संस्कृत शिकवणाऱ्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातले रुमाल सोडून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढायला घेतला, आणि १९१३ साली ‘इचलकरंजी संस्थानचा इतिहास’ही लिहिला. मोडीतले ते कागद लिहिणाऱ्यांत छावणीतले कारकून पुष्कळ होते. किती स्वार, किती दाणा, कोणाचे देणे किती थकले, हे त्यांनी मुक्कामामागून मुक्काम मांडून ठेवले होते. त्या रकान्यांवरूनच शास्त्रीबोवांना लढायांच्या तारखा लावता आल्या.