भिंतीवरचा जुना बोर्ड

श्रोतेहो, इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले येतात, लढाया येतात. पण एक इतिहास आपल्याच ओसरीत, मीटरच्या शेजारी, खिळ्यांनी ठोकलेला असतो. लाकडाची फळी, तिच्यावर काळवंडलेला चिनीमातीचा फ्यूज आणि लोखंडी पेटीतला मेन स्विच. आज त्या बोर्डाची हकिकत सांगावयाची आहे.

आपला भंडारा जिल्हा १९५६ च्या ऑक्टोबर अखेरपर्यंत मध्य प्रदेशात होता. पुढे तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्रात. त्याच वर्षी २० जूनला राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले. १९६९ साली केंद्र सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी निगम काढला. खेड्याकडे निघालेल्या खांबांना बळ मिळाले. १९८८-८९ पासून कुटीर ज्योती योजनेत गरिबांच्या झोपडीत एका दिव्याची जोडणी मिळू लागली. एक दिवा! हा शब्द ध्यानात ठेवा.

कारण वीज घरात आली ती दिव्यासाठी. बोर्डही तेवढ्याच भाराचा. मग रेडिओ आला, पंखा आला, टीव्ही आला, फ्रीज आला, विहिरीवरचा पंप आला. मे महिन्याच्या काहिलीत कूलर आला. घरातले सारे बदलले, भिंतीवरचा बोर्ड मात्र आजोबांच्या वेळचाच राहिला.

आता हिशेब करा. २३० व्होल्टवर ५ अँपिअरचा फ्यूज फार तर ११५० वॅटचा भार पेलतो. पाणी तापविण्याचा २००० वॅटचा हीटर एकटाच सुमारे ९ अँपिअर ओढतो. फ्यूज उडणारच. उडणे हेच तर त्याचे काम! तार वितळून तो घर वाचवितो. परंतु घरी लग्नकार्य असते, पाहुणे खोळंबलेले असतात. मग कोणी तरी तांब्याच्या तारेचे चार पदर पिळून फ्यूजमध्ये बसवितो आणि म्हणतो, “आता बघा, पुन्हा उडणार नाही.” खरेच उडत नाही. मात्र आता फ्यूजऐवजी भिंतीतली तार तापते. जुन्या तारेवरचे रबर वर्षानुवर्षे वाळून तडकलेले असते. पुढे आलेल्या ॲल्युमिनियमच्या तारा स्क्रूखाली सैल पडतात, सांधा तापतो, आणि पाठीमागे असते कोरडे लाकूड.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. फ्यूज तारेचे रक्षण करतो, माणसाचे नव्हे. माणसाचा जीव घ्यायला एका अँपिअरचा दहावा हिस्सादेखील पुरतो. ५ अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकने माणसे दगावतात. लोखंडी पत्रा, खाली पाणी, पाय ओले आणि अर्थिंग नाही. फ्यूज शाबूत राहतो, माणूस जातो.

विजेची आग काय करते, हे भंडाऱ्याला कोणी शिकवायला नको. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षात आग लागली. १७ पैकी १० बालके गेली, ७ वाचली. आगीचे मूळ विजेच्या बिघाडात असल्याचे पुढे सांगण्यात आले. रुग्णालय वेगळे, घर वेगळे, हे खरे. पण वीज दोन्हीकडे एकाच नियमाने वागते.

उपाय नवा नाही. जर्मनीच्या मानहाइम शहरी ह्यूगो स्टोट्झ याने १९२४ च्या सुमारास आपोआप पडणारा लहान स्विच सिद्ध केला. तोच आजचा एमसीबी. त्यात पिळण्यासाठी तारच नाही, म्हणून लबाडीला वाव कमी. त्याच्या जोडीला आरसीसीबी हवा. गेलेला प्रवाह पुरता परत आला नाही, अवघे ३० मिलिअँपिअर जरी वाटेत गळाले, तरी तो निमिषात वीज तोडतो. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या नियमांनी अशा साधनाची सक्ती केली, पण ५ किलोवॅटच्या आतली लहान घरे तेव्हा तिच्यातून सुटली. म्हणजे आपलीच घरे! नियम सांगो न सांगो, जीव आपला आहे.

मात्र एक सावधगिरी, बरं का. जुन्या तारा तशाच ठेवून नुसती नवी पेटी बसविणे म्हणजे मोडक्या बैलगाडीला नवे जू. आणि वारंवार पडतो म्हणून मोठा एमसीबी घालणे म्हणजे पुन्हा तोच जाड तारेचा खेळ. एमसीबी तारेच्या जाडीला साजेसा हवा. कूलर व पंप यांची वाट वेगळी हवी, अर्थिंग पक्के हवे. काम परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. आरसीसीबीवरचे तपासणीचे बटन महिन्यातून एकदा दाबावे. स्विच पडला, तर पहारेकरी जागा आहे असे समजावे. अंगातून प्रवाह एका तारेतून शिरून दुसऱ्या तारेत गेला, तर मात्र हा पहारेकरीही फसतो. म्हणून उघड्या तारेला हात नकोच.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. मुलांना आपापल्या घरच्या बोर्डाचे चित्र काढून आणायला सांगा. हात न लावता, दुरूनच. आजोबांच्या वेळी त्यावर काय चालत होते आणि आज काय चालते, हे घरी विचारून लिहायला सांगा. एका पानावर गावाचा पन्नास वर्षांचा इतिहास उतरेल. आणि ते चित्र पाहून एखाद्या बापाने जरी पावसाळ्यापूर्वी वायरमनला बोलावले, तरी तो तास सार्थकी लागला.