पिरोतच्या बायकांचा उभा माग



घरात बसून केलेल्या कामाला काम म्हणायचं की नाही, हा आपल्या घराघरांतला जुना प्रश्न. पापड लाटले, शिवण शिवलं, तरी "तेवढाच वेळ जातो" असंच ऐकायला मिळतं. आज सर्बिया देशातल्या पिरोत या छोट्या शहराची माहिती सांगते. बायकांनी घरात केलेल्या कामामुळेच या गावाचं नाव जगात झालं.

पिरोत बल्गेरियाच्या सीमेजवळ, निशावा नदीच्या काठी आहे. वस्ती साधारण ३५ हजार. मागे स्टारा प्लानिना, म्हणजे 'जुना डोंगर'. बेलग्रेडहून इस्तंबूलला जाणारा रोमन काळातला रस्ता इथूनच जायचा. त्यामुळे व्यापारी आले तसं सैन्यही आलं. कित्येक शतकं इथे तुर्कांचं राज्य होतं. डिसेंबर १८७७ मध्ये सर्बियाच्या सैन्याने शहर घेतलं आणि १८७८ च्या बर्लिन तहाने ते सर्बियाला मिळालं. १८८५ च्या युद्धात बल्गेरियाचं सैन्य शहरात शिरलं. पुढे दोन्ही महायुद्धांतही शहर बल्गेरियाच्या ताब्यात गेलं. दारावरचा झेंडा असा बदलत राहिला, पण घरातला माग तोच राहिला.

या मागावर किलिम विणतात. किलिम म्हणजे आपल्या सतरंजीसारखं, गाठी न मारता विणलेलं लोकरीचं अंथरूण. ताणा लोकरीचा, बाणाही लोकरीचाच. लोकर डोंगरावरच्या मेंढ्यांची. पूर्वी लाल रंग मंजिष्ठाच्या मुळीपासून काढत. माग भिंतीसारखा उभा असतो. बाई त्याच्यासमोर बसून बोटांनी रंगीत धागा भरते आणि जड फणीने ठोकून घट्ट बसवते. दोन रंग सरळ उभ्या रेषेत भेटले तर मध्ये फट राहते, म्हणून नक्षी तिरकी, पायऱ्यापायऱ्यांनी चढवत नेतात. किलिम दोन्ही बाजूंनी सारखाच दिसतो. उलटी बाजू अशी नाहीच! कासवाची नक्षी तर फार आवडती, ती दीर्घायुष्याची खूण मानतात. हे सगळं आईने लेकीला शेजारी बसवून, धागे मोजत शिकवायचं.

पण कला हातात असली म्हणजे पैसा हातात येतोच असं नाही. लोकर आणि रंग कोण घेणार, किलिम कोणत्या भावाने विकणार, हे घरात एकट्या बसणाऱ्या बाईला कसं ठरवता येईल? १८८८ मध्ये इस्तंबूलपर्यंतची रेल्वे पिरोतवरून सुरू झाली आणि दूरच्या बाजारांची वाट जवळ झाली. त्याच सुमारास बाजारात स्वस्त रासायनिक रंगही आले, त्यामुळे मालाचा दर्जा टिकवणं कठीण झालं. अशा वेळी १९०२ मध्ये पिरोतमध्ये किलिम विणकरांची सहकारी संस्था स्थापन झाली. कच्चा माल, दर्जा आणि विक्री यांचा विचार एकत्र होऊ लागला. पुढे सर्बियाच्या राजघराण्यातही पिरोतचे किलिम मानाने वापरले गेले.

दुसऱ्या महायुद्धानंतर दिवस बदलले. कारखाने आले, टायर बनवणारं शहर म्हणूनही पिरोत ओळखलं जाऊ लागलं. मुलींना पगाराची नोकरी मिळू लागली, मग महिनोन्‌महिने मागासमोर कोण बसणार? विणणारे हात कमी झाले. २००२ मध्ये पिरोतच्या किलिमला भौगोलिक ओळखीचं संरक्षण मिळालं. २००९ च्या सुमारास काही बायकांनी पुन्हा सहकारी संस्था काढून काम सुरू केलं. तिचं नाव 'दाम्स्को स्रत्से', म्हणजे 'स्त्रीचं हृदय'.

पिरोतमध्ये एका जुन्या व्यापाऱ्याचा १८४८ सालचा सुंदर वाडा आहे. आता तिथे शहराचं संग्रहालय आहे. वाडा कोणाचा ते लोकांना माहीत आहे. जुने किलिम विणणाऱ्या बहुतेक बायकांची नावं मात्र कुठेच लिहिलेली नाहीत. म्हणून एक सांगावंसं वाटतं. आपल्या घरात आजी-सासूबाईंनी विणलेलं, भरतकाम केलेलं काही असेल, तर त्याच्या मागे त्यांचं नाव आणि साल लिहून ठेवा. आणि त्या अजून शिकवू शकत असतील, तर याच सुट्टीत मुलींना त्यांच्या शेजारी बसवा.