मातीचा पेला, कांस्यपदक आणि पिसांचे फूल

सुवर्णमहोत्सवाच्या तयारीसाठी मंडळाचे जुने कपाट रिकामे करण्याचा प्रसंग आला, तेव्हा हिशेबाच्या वह्या, नाटकांचे टोप आणि पडद्याच्या दोऱ्या यांच्यामागून एक लहानसा चषक आमच्या हाती लागला. तो कॅरमच्या स्पर्धेचा की बुद्धिबळाच्या, हे सांगणारे आज आमच्यात कोणी नाही. बैठकीवर कोरलेल्या अक्षरांपैकी 'प्रथम' एवढा एकच शब्द लागतो. कोण प्रथम आला, कोणत्या साली आला, हे काळाने पुसून टाकले आहे. "भंगारात द्यायचा का हो हा?" असे एका तरुण कार्यकर्त्याने सरळपणे विचारले. आम्हांस चटकन उत्तर सुचले नाही. त्या उत्तराचा शोध घेताना जे मनात आले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

खेळाचा इतिहास आपण बहुधा आकड्यांत वाचतो. धावा, बळी, गुण, सेकंद यांची कोष्टके उत्तम जपली जातात. परंतु एखादी वस्तू हाती आली की आकड्यांत न मावणारे प्रश्न उभे राहतात. ही कोणाच्या पैशांतून आली? कोणी जपली? आणि जी वस्तू आज कोठेच सापडत नाही, ती का जपली गेली नाही?

लंडनच्या लॉर्ड्स मैदानावरील संग्रहालयात एक चिमणी आहे. ३ जुलै १९३६ रोजी केंब्रिज विद्यापीठाकडून खेळणारे जहांगीर खान एम.सी.सी.विरुद्ध गोलंदाजी करीत असता त्यांच्या चेंडूचा आघात होऊन ती मेली. हे जहांगीर खान म्हणजे १९३२ साली भारताच्या पहिल्याच कसोटी सामन्यात खेळलेले गोलंदाज. कोणीतरी ती चिमणी उचलली, तिच्यात पेंढा भरून तिला चेंडूवर बसविले, आणि आज देशोदेशीचे लोक तिच्यापुढे उभे राहतात. ज्याच्या नावाने इंग्लंड आणि ऑस्ट्रेलिया पिढ्यान्‌पिढ्या झुंजत आले, तो 'ॲशेस'चा कलशही तेथेच आहे. त्याची उंची वीतभरसुद्धा नाही. म्हणजे संग्रहालयात वस्तूचे मोल तिच्या आकारावर किंवा धातूवर ठरत नाही. शेजारी लिहिलेल्या चार ओळींनी ते ठरते. आपल्या पुण्यातही २०१२ साली 'ब्लेड्स ऑफ ग्लोरी' हे क्रिकेटचे संग्रहालय सुरू झाले. नामवंत फलंदाजांच्या बॅटी तेथे जपलेल्या आहेत. गावी जाणाऱ्यांनी मुलांना तेथे अवश्य न्यावे.

मात्र पुण्याच्याच क्रिकेटमधील एक वस्तू आपल्याला कोणत्याही संग्रहालयात पाहावयास मिळणार नाही. ती म्हणजे पाळवणकर बाळू यांचा चहाचा पेला. बाळूंचा जन्म १८७६ साली, आपल्या येथून रात्रभराच्या प्रवासावर असलेल्या धारवाडात झाला. वडील लष्करात नोकरीस असल्याने बालपण पुण्यात गेले. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखण्याचे काम ते महिना चार रुपयांवर करीत, आणि साहेबलोकांना सरावासाठी गोलंदाजी टाकीत. त्यातून त्यांची डावखुरी फिरकी अशी काही तयार झाली की, पुण्याच्या हिंदू संघाला त्यांना घेतल्यावाचून गत्यंतर राहिले नाही. मैदानावर त्यांनी हाताळलेला चेंडू सर्वांना चालत होता. परंतु चहाच्या वेळी चर्मकार समाजातील ह्या खेळाडूला तंबूबाहेर, मातीच्या वेगळ्या पेल्यात चहा दिला जाई. तो पेला एकदा वापरून फेकण्याचाच होता.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली गेलेल्या संघातून बाळूंनी इंग्लंडच्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. हिंदू संघाचे कर्णधारपद मात्र त्यांना कधीच मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांच्याकडे आले. चेंडूने मेलेली चिमणी जपली गेली आणि बाळूंचा पेला फेकला गेला, ह्यात योगायोग नाही. जपून ठेवण्याचा अधिकार ज्यांच्या हाती होता, त्यांना तो पेला कोणी पाहावा असे वाटत नव्हते. म्हणून नसलेल्या वस्तूंचीही नोंद करावी, असे आम्हांस वाटते. ह्या पेल्यासाठी काचेची एक रिकामी पेटी कोठेतरी ठेवावी आणि तिच्याखाली हा वृत्तान्त लिहावा.

दुसरी वस्तू सुदैवाने शाबूत आहे. कराडजवळच्या गोळेश्वर गावचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी येथे कुस्तीत मिळविलेले कांस्यपदक हे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. त्यानंतरचे वैयक्तिक पदक लिअँडर पेस यांनी १९९६ साली मिळविले; मध्ये चव्वेचाळीस वर्षे गेली. पदकाच्या कांस्यावर ऑलिंपिकची मुद्रा आहे, पण त्याची खरी किंमत कोल्हापुरात मोजली गेली. प्रवासखर्चाची सोय होईना, तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचे राहते घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. गावकऱ्यांनी वर्गणी जमविली. खाशाबा परतले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. आणि पुढे त्यांनी कुस्त्यांचे फड भरवून प्राचार्यांचे ते ऋण फेडले, असे सांगतात.

१४ ऑगस्ट १९८४ रोजी रस्त्यावरील अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार आला तो मृत्यूनंतर दीड तपाने. २०१७ साली त्यांच्या कुटुंबीयांनी हे पदक लिलावास काढण्याचा विचार जाहीर केला. गावी त्यांच्या नावाने कुस्तीची प्रबोधिनी उभारण्याचे आश्वासन कागदावरच राहिले होते, आणि पदक विकून ती उभारावी असा त्यांचा हेतू होता. वस्तू जपावी की वस्तूच्या मोलाने खेळ जपावा, हा पेच त्या कुटुंबापुढे पडला. त्यांना दोष देण्याचा अधिकार आपल्यापैकी कोणासही नाही. दूरच्या गावी हौसेने संस्था चालविणाऱ्या आपणांस तर हा पेच चांगलाच परिचयाचा आहे.

तिसरी वस्तू आपल्या दोन्ही गावांना जोडणारी आहे. बॅडमिंटनचे फूल म्हणजे सोळा पिसे आणि बुचाचे एक बोंड, वजन जेमतेम पाच ग्रॅम. १८७३च्या सुमारास पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकाऱ्यांनी ह्या खेळाचे नियम बांधले, आणि काही काळ हा खेळ 'पूना' ह्याच नावाने ओळखला जाई. पुढे इंग्लंडातील एका हवेलीचे नाव त्याला चिकटले. १९५६ साली मूळचे सांगलीचे नंदू नाटेकर यांनी क्वालालंपूर येथे आंतरराष्ट्रीय विजेतेपद मिळविले. बॅडमिंटनमध्ये असा मान मिळविणारे ते पहिले भारतीय. आणि १९८० साली बंगळूरच्या प्रकाश पदुकोण यांनी लिम स्वी किंग यांना १५-३, १५-१० असे नमवून ऑल इंग्लंड स्पर्धा जिंकली. ज्यांची मातृभाषा कोकणी, असे हे आपले शेजारी मल्लेश्वरमच्या कॅनरा युनियनच्या सभागृहात शिकले. त्या सभागृहात लग्नेही लागत, आणि मुहूर्त असला की सराव बंद! शंभर वर्षांत पुण्यापासून मल्लेश्वरमपर्यंत आलेल्या ह्या फुलाचे आयुष्य मात्र एका सामन्यापुरतेसुद्धा नसते.

आता आपल्या इंदिरानगराकडे वळू. २०२१ साली एका जाहिरातीत राहुल द्रविड मोटारीतून डोके बाहेर काढून, हातातील बॅटने दुसऱ्याच्या मोटारीचा आरसा फोडताना आणि आपण इंदिरानगरचे गुंड आहोत असे ओरडताना दिसले. त्यातली मौज अशी की, कसोटी क्रिकेटमध्ये ३१,२५८ चेंडू धीराने खेळून १३,२८८ धावा जमविणारा हा पुरुष रागावलेला कोणी पाहिलाच नव्हता. इंदूरला जन्मलेले, बंगळूरात वाढलेले हे मराठी घरातले मूल. त्यांच्या घरची कथा आपल्यापैकी अनेकांच्या घरची आहे. त्यांच्या मातोश्री पुष्पा द्रविड ह्या येथील अभियांत्रिकी महाविद्यालयात वास्तुशास्त्राच्या प्राध्यापिका होत्या. चिन्नास्वामी मैदानावरील क्रिकेटविषयक भित्तिशिल्पाच्या निर्मितीत त्यांचा वाटा आहे. मुलाने मैदानावर धावा केल्या आणि आईने त्याच मैदानाच्या भिंतीवर खेळाची स्मृती ठेवली. परक्या मुलखात आलेले कुटुंब त्या मुलखाचे होते, त्याचा याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाही.

वाचकहो, आपल्या इंदिरानगरातील बैठी घरे एकामागून एक पाडली जात आहेत आणि त्यांच्या जागी मजले चढत आहेत. घर बदलताना माळ्यावरील ट्रंका उघडल्या जातात आणि त्यांतले निम्मे सामान भंगारवाल्याकडे जाते. त्यात आजोबांची मल्लखांबाची प्रशस्तिपत्रे असतील, आत्याचे खो-खोचे पदक असेल, शाळेच्या कबड्डी संघाचे पिवळे पडलेले छायाचित्र असेल. त्या वस्तू सर्वच ठेवाव्यात, असा आमचा आग्रह नाही. टाकण्यापूर्वी घरातील वडीलधाऱ्यांजवळ घटकाभर बसून चार ओळी मात्र लिहून घ्याव्यात: कोणाची, कोठली, केव्हाची, आणि त्या दिवशी काय घडले. कोणाला खेळू दिले गेले नाही, हेही विचारावे. अनेक घरांत आजीला खेळता आले असते, पण लग्नानंतर खेळ सुटला. तिच्यापाशी पदक नसेल, आठवण असेल.

तो चषक आम्ही भंगारात दिलेला नाही. पुसून, कपाटाच्या पुढल्या फळीवर ठेवला आहे. त्याच्याखाली एक चिठ्ठी आहे: "मंडळाच्या स्पर्धेतील चषक. खेळ अज्ञात, वर्ष अज्ञात. विजेत्याने किंवा त्याच्या घरच्यांनी कृपया ओळख पटवावी." शेजारी थोडी जागा मोकळी ठेवली आहे. ती आपल्या घरच्या वस्तूसाठी आहे.