काळ्या गाडीवरचा ओरखडा आणि डोंगरी बुजुर्गचा काळा दगड

काळी गाडी ट्यूबलाइटखाली कधीच खरं बोलत नाही. रात्री पोर्चमध्ये धुतली, पुसली, वॅक्स लावलं की बॉनेटमध्ये आपला चेहरा दिसतो आणि आपण खुश होऊन झोपतो. दुसऱ्या दिवशी अकराच्या उन्हात तीच गाडी पेट्रोल पंपावर उभी राहते, आणि बॉनेटवर सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती कोळ्याचं बारीक जाळं पसरलेलं दिसतं. गाडी रात्रीतून खराब झालेली नसते. आमच्या धंद्यात अशा वेळी ‘माझ्या मशीनवर तर चालतंय’ म्हणायची पद्धत आहे. ट्यूबलाइट म्हणजे आपलं मशीन, ऊन म्हणजे प्रॉडक्शन.

ते जाळं खरं तर जाळं नसतंच. धूळ बसलेल्या गाडीवर कोरडं फडकं फिरवलं की सगळ्यात वरच्या पारदर्शक थरावर, म्हणजे क्लिअर कोटवर, सगळ्या दिशांना सूक्ष्म रेषा पडतात. हा थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. प्रत्येक रेष प्रकाश फेकते, पण आडव्या दिशेने. त्यामुळे दिव्याच्या प्रतिबिंबाला वळसा घालून जाणाऱ्या रेषाच आपल्या डोळ्याला चमकताना दिसतात. बाकीच्या तिथेच असतात, फक्त गप्प असतात. दिवा सरकवा, जाळंही त्याच्याबरोबर सरकतं. सूर्य आपल्याला जेमतेम अर्ध्या अंशाएवढा दिसतो, म्हणून त्याच्याखाली रेष आणि तिच्या शेजारचा काळा रंग यांतला फरक टोकाचा असतो. चार फुटांची ट्यूब आणि तिचा भिंतींवरून उडालेला प्रकाश सगळीकडून येतो. त्यात रेषेची चमक बुडून जाते.

दिवा निवडण्याचं अर्धं शास्त्र इथेच संपतं. ओरखडे शोधायला छोटा, एका ठिपक्याचा, थेट दिवा लागतो. पत्र्यावरचे पोचे शोधायला नेमकं उलट, लांब पट्टीचा. पट्टीचं सरळ प्रतिबिंब जिथे वाकडं होतं तिथे पोचा. रंग न उखडता डेंट काढणारे कारागीर अशा पट्ट्या वाचतच काम करतात, आणि कार कारखान्यांतल्या तपासणीच्या बोगद्यांत समांतर दिव्यांच्या रांगा याचसाठी असतात.

आता गंमत पाहा. आपल्या १९४८ च्या कारखाना अधिनियमात कलम १७ प्रकाशाबद्दल होतं. कामाच्या प्रत्येक जागी पुरेसा आणि योग्य प्रकाश हवा, असं ते म्हणायचं. पुढे असंही म्हणायचं की दिव्याची थेट किंवा गुळगुळीत, पॉलिश केलेल्या पृष्ठभागावरून परतणारी तिरीप टाळावी, आणि डोळ्यांना ताण देणाऱ्या किंवा अपघात घडवणाऱ्या सावल्या पडू देऊ नयेत. कामगाराच्या डोळ्यांसाठी जे घातक म्हणून कायद्याने हाकलून लावलं, ते सगळं गाडी चमकवणारा माणूस पैसे देऊन घरी आणतो. त्याला पॉलिशवरची तिरीपच हवी असते.

हा उलटा कारभार लक्षात आल्यावर मी दिवे बघायचे सोडून कामाच्या दिव्यांचा इतिहास वाचत बसलो. नोकरी पुण्यात, घर तुमसरला. वाचता वाचता तो इतिहास माझ्या घरापासून थोड्याच अंतरावर येऊन थांबेल असं मात्र वाटलं नव्हतं.

हातात धरायच्या दिव्यापासून सुरुवात करू. आमच्याकडे टॉर्चला ‘बॅटरी’ म्हणतात. भाषेच्या मास्तरांना ही चूक वाटेल, मला ती अचूक वाटते, कारण टॉर्चमधली खरी अक्कल सेलमध्येच आहे. १८६६ मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज लेक्लांशेने एक सेल बनवला: एका बाजूला जस्त, दुसऱ्या बाजूला कार्बनभोवती मॅंगनीज डायऑक्साइडची काळी पूड. जस्त इलेक्ट्रॉन सोडतं, मॅंगनीज डायऑक्साइड ते स्वीकारतं. ही काळी पूड नसेल तर कार्बनवर हायड्रोजन साचतो आणि सेल गुदमरतो. त्यानंतर वीसेक वर्षांनी जर्मनीच्या कार्ल गास्नरने त्यातला द्रव घट्ट करून कोरडा सेल केला. १८९९ मध्ये अमेरिकेत नळीच्या आकाराच्या टॉर्चचं पेटंट निघालं. सुरुवातीचे सेल इतके दुबळे की सलग जळायचेच नाहीत. क्षणभर लावायचं, विझवायचं, सेलला दम खाऊ द्यायचा. इंग्रजीतलं ‘फ्लॅशलाइट’ हे नाव त्यातूनच आलं.

आणि ती काळी पूड? ती ज्या खनिजापासून येते, ते आमच्या भंडारा जिल्ह्यात, तुमसर तालुक्यात आहे. डोंगरी बुजुर्गची उघडी खाण मॅंगनीज डायऑक्साइडच्या खनिजासाठीच ओळखली जाते आणि ते खनिज ड्राय सेलच्या उद्योगाला जातं. १९९१ मध्ये तिथेच विजेच्या साहाय्याने अधिक शुद्ध मॅंगनीज डायऑक्साइड बनवायचा कारखाना उभा राहिला. शेजारच्या चिखल्याला जमिनीखालची खाण आहे. तुमसर रोडहून तिरोडीकडे जाणाऱ्या रेल्वे फाट्यावर गोबरवाही, डोंगरी बुजुर्ग ही स्टेशनं लागतात. प्रवाशांपेक्षा दगडाची सोय बघून टाकलेला मार्ग आहे, हे वेळापत्रक बघितलं तरी कळतं.

या पट्ट्यातला मॅंगनीजचा धंदा तसा जुना. सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट ही ब्रिटिश कंपनी १८९६ ची. १९०९ मध्ये भूशास्त्रज्ञ लुईस फर्मर यांनी भारतातल्या मॅंगनीजच्या साठ्यांवर भलामोठा ग्रंथ काढला आणि या भागातल्या एका मॅंगनीजयुक्त खडकाला गोंड लोकांवरून ‘गोंडाइट’ हे नाव दिलं. जगभरच्या भूशास्त्राच्या पुस्तकांत ते अजून आहे. माल मात्र रेल्वेने बंदरावर आणि तिथून परदेशी पोलाद कारखान्यांत जायचा, कारण पोलादाला मॅंगनीजशिवाय जमत नाही. (गाडीच्या पत्र्यातही ते थोडं असतंच.) १९६२ मध्ये भारत सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी ५१ टक्के हिस्सा घेऊन मॅंगनीज ओअर इंडिया, म्हणजे आजची मॉइल, उभी केली. उरलेला ४९ टक्के हिस्सा १९७७ मध्ये परदेशी कंपनीकडून सुटला.

माझी पणजी त्याच पट्ट्यातल्या एका खाणीवर दगड निवडायला जायची. फोडलेल्या ढिगातून चांगला माल वेगळा करणं हे काम मोठ्या प्रमाणावर बायकांकडे असायचं. आजीने तिच्याकडून ऐकलेलं मला सांगितलंय: दगड हातात घ्यायचा, वजन बघायचं, आणि उन्हाकडे तिरका धरून फिरवायचा. जड आणि काळसर चमक मारतो तो माल. हलका आणि पांढुरका दिसतो तो फेकायचा. मऊ मॅंगनीज डायऑक्साइड बोटांना काळं करतं, तीही एक खूण. पणजीचे तळहात म्हणे सणालाही पांढरे होत नसत. बॉनेटकडे डोकं तिरकं करून, दिवा कडेला धरून मी जे बघत असतो, ते ती उन्हात करायची. फरक एवढाच की मला दिवा निवडता येतो.

तिला तो प्रश्नच नव्हता. तिचं काम दिवसाउजेडीच असायचं. पुढे १९५२ च्या खाण कायद्याच्या कलम ४६ ने तर ते लिहूनच ठेवलं: स्त्रियांनी जमिनीखाली काम करायचं नाही, आणि जमिनीवरही सकाळी सहा ते संध्याकाळी सात एवढंच. हेतू संरक्षणाचा, पण परिणाम असा की दिव्याखालच्या पाळ्या, आणि त्यांच्याबरोबरचा पगार, पुरुषांचा राहिला. ही अट शिथिल व्हायला २०१९ उजाडलं. खाली जाणाऱ्या पुरुषाच्या कपाळावर दिवा असतो, आणि तो तिथे असण्याला कारण आहे: हात मोकळे राहतात, नजर जाते तिथे उजेड जातो. पण नजर आणि उजेड एकाच रेषेत आले की सावली वस्तूच्या मागे लपते आणि उंचसखलपणा सपाट दिसतो. चालायला, ड्रिल धरायला उत्तम. पोचा शोधायला वाईट. म्हणून डोक्यावर बांधायचा दिवा मी यादीतून काढला.

मातीतून निघून बाहेर उजेड देणाऱ्या वस्तूंमध्ये मॅंगनीज एकटं नाही. लग्नात डोक्यावर मिरवायच्या त्या गॅसबत्तीची जाळी आठवते? ती ऑस्ट्रियाच्या आउअर फॉन वेल्सबाखची कल्पना: जवळपास ९९ टक्के थोरियम ऑक्साइड आणि १ टक्का सेरियम. आणि १९०९ मध्ये थोरियम असलेली मोनाझाइटची वाळू सापडली त्रावणकोरच्या किनाऱ्यावर. तो उजेड आमच्याकडे परत आला जर्मन पेट्रोमॅक्समधून, दंडारीच्या मंडपात.

विजेच्या दिव्यांनी नवीनच अडचण आणली, रंगाची. तारेचा बल्ब पिवळा, पण त्याच्या प्रकाशात सगळे रंग थोडे थोडे असायचे. ट्यूबलाइट आणि सोडियमचे दिवे वीज वाचवतात ती काही रंग गाळूनच. कमी दाबाचा सोडियम दिवा तर जवळजवळ एकाच पिवळ्या रंगाचा. त्याच्याखाली लाल गाडी आणि तपकिरी गाडी यांत फरक सांगता येत नाही. दिवा रंग किती खरे दाखवतो हे मोजायला आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाने १९६५ मध्ये जी पद्धत आणली, तिचा आकडा म्हणजे आज प्रत्येक खोक्यावर छापलेला सीआरआय. त्यातली मेख कुणी सांगत नाही. हा आकडा आठ फिकट रंगांच्या नमुन्यांची सरासरी आहे. गडद लाल त्या आठांत नाहीच. तो नववा, वेगळा मोजतात. पांढरा एलईडी म्हणजे मुळात निळा एलईडी आणि त्यावर पिवळसर लेप (त्या निळ्यासाठी तीन जपानी शास्त्रज्ञांना २०१४ चं नोबेल मिळालं), त्यामुळे त्याच्याकडे लालच कमी असतो. सीआरआय ८० लिहिलेला दिवा लाल रंगात साफ नापास असू शकतो. रंगाचा टच-अप जुळवायचा असेल तर ९५ च्या पुढचा घ्या आणि लालचा आकडाही विचारा. फक्त ओरखडेच शोधायचे असतील, तर सीआरआयपायी दुप्पट पैसे घालवू नका. ओरखड्याला रंग नसतो.

लुमेनचं वेड तर त्याहून निरुपयोगी. दहा हजार लुमेनचा फ्लडलाइट पोर्चमध्ये लावला की पांढऱ्या भिंती दिवे बनतात आणि आपण पुन्हा ट्यूबलाइटपाशी येतो. हातातला ५०० ते १००० लुमेनचा, एकाच चिपचा दिवा पुरतो. अनेक छोट्या चिपांचा टाळायचा, कारण बॉनेटवर तितकी प्रतिबिंबं उमटतात आणि प्रत्येकाभोवती वेगळं जाळं. उजेड कमी-जास्त करता आला पाहिजे: पांढऱ्या गाडीला जास्त, काळीला कमी. पॉलिशिंग मशीन फिरवताना मात्र दोन बाजूंना दोन पट्ट्या, कंबरेच्या उंचीवर. छतावरचा उजेड दारांपर्यंत पोचतो तो टपाची सावली घेऊनच.

माझ्या यादीतल्या दिव्याचं खोकं घरी आलं तेव्हा बाबांनी ते हातात तोलून पाहिलं. “एवढ्याशा दिव्याले एवढे पैसे?” मग त्यातला सेल काढून दाखवला: १८ मिलिमीटर जाड, ६५ मिलिमीटर लांब, म्हणून नाव १८६५०. या मापाच्या बऱ्याच लिथियम सेलमध्ये निकेल आणि कोबाल्टबरोबर मॅंगनीज असतं. ऑक्सफर्डमध्ये जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत १९८३ च्या सुमाराला लिथियम-मॅंगनीज ऑक्साइडचं काम झालं, तेव्हापासून हे नातं आहे. “म्हणजे आपलाच दगड,” बाबा म्हणाले. तो आपला आहे की दुसऱ्या कुठल्या देशाचा, हे सेलवर लिहिलेलं नसतं. मी काही बोललो नाही.

या सेलला विदर्भाचा मे सोसत नाही. ४५ अंशांत गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवलेला दिवा लवकर म्हातारा होतो; चार्जिंग रात्री, घरात करायचं. आणि वायरचा एक दिवा जवळ असू द्यावा, कारण तास-दीड तास पॉलिश चाललेलं असताना मध्येच उजेड मंदावला की शेवटचं दार घाईत उरकलं जातं.

एक गोष्ट कुठल्याच खोक्यावर लिहिलेली नसते. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये धान निसवतं आणि तुडतुडे उजेडावर येतात. कृषी विभाग त्यांच्यावर नजर ठेवायला प्रकाश सापळेच लावायला सांगतो. तुम्ही रात्री पोर्चमध्ये ६५०० केल्व्हिनचा निळसर पांढरा दिवा लावलात, तर तोही प्रकाश सापळाच झाला. ओल्या वॅक्सवर हिरवे तुडतुडे चिकटतात, पुसायला जावं तर चिरडतात आणि पॅडखाली येतात. पिवळसर, २७०० केल्व्हिनच्या दिव्यावर ते कमी येतात, पण त्या उजेडात काळ्या रंगावरचं पॉलिशचं सायीसारखं धूसरपण नीट दिसत नाही. म्हणून मी केल्व्हिन बदलता येणारा दिवा घेतलाय. पिवळ्यावर काम, पांढऱ्यावर अर्ध्या मिनिटाची तपासणी, की लगेच पुन्हा पिवळा. नोव्हेंबरात धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की पांढरा दिवा हवा तितका वेळ लावून ठेवता येतो.